अहो

बिघडलेले वजनकाटे दुरुस्त करी म्हणून गल्लीतले दुकानदार त्याला काटेवाला म्हणत. घरात मात्र त्याच्या तोलण्याला फारसा भाव नव्हता. मुलीला खाजगी शाळेत घालायचं का, हे बायकोने त्याला विचारलं ते केवळ रीत म्हणून. ती एका दवाखान्यात फोनवर बसे. दिवसभर गोड आवाजात लोकांना थांबायला सांगणं हे तिचं काम. घरी ती कुणाला थांबू देत नसे.

मुलगी सहा वर्षांची आणि बोलताना अडखळणारी. 'ब' तिचा वैरी. 'बाबा' म्हणायला घेतलं की आधी चार-पाच 'ब' सांडत, मग बाबा येई. काटेवाला म्हणे, इतरांच्या पोरी मोजून मापून देतात, आमची वर मूठभर जास्त टाकते. घरात हा विनोद चाले. शाळेत पोरांनी तोच वेगळ्या चालीवर बसवला होता, आणि मुलगी बाही चावून चावून ओली करून घरी येई.

खाजगी शाळेने आठवडाभर बसवून बघा म्हटलं होतं. रोज जेवताना दोघं शाळा तोलत. वर्गात मुलं मोजकी. संडास इतके स्वच्छ, की काटेवाल्याला बाहेर चपला काढाव्याशा वाटल्या. प्रत्येक मुलाच्या छातीवर नावाचा बिल्ला, त्यामुळे बाई कुणालाच 'ए, तू' म्हणत नसत. दुसऱ्या पारड्यात लांबचा रस्ता, गालिच्याएवढं मैदान आणि चष्म्याच्या दुकानात शोभेल अशी शांतता.

"शांततेला वजन नसतं," बायको म्हणाली. हे त्यालाही मान्य करावं लागलं.

गुरुवारी मुलगी त्याच्या दुकानाच्या दारात येऊन म्हणाली, "अहो, आई आलीये."

गिऱ्हाईक खो खो हसलं. घरी बायकोही हसली. "झालं. आता माझं काय काम या घरात?"

शुक्रवारी पुन्हा अहो. "बाबा म्हण की," तो म्हणाला. मुलीने ओठ घट्ट मिटले, त्याच्याकडे बघितलं आणि त्याचीच समजूत काढावी तसं हळूच म्हणाली, "अहो." या वेळी त्याला हसू आलं नाही.

शनिवारी तो बाईंना भेटला. बाईंनी तोंड भरून कौतुक केलं. आठवडाभरात पोर एकदाही अडखळली नव्हती. युक्ती साधी होती: अडेल तो शब्द सोडायचा, शेजारचा घ्यायचा.

"बाबाच्या शेजारी काय आहे?" त्याने विचारलं.

बाईंनी मनापासून विचार केला. "वडील," त्या म्हणाल्या.

बाई वाईट असत्या तर काम सोपं झालं असतं. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं, की काटा अडकला की तोही थरथरत नाही, आणि गिऱ्हाईक वर खूश असतं.

"पोरगी म्हणजे काटा नव्हे," ती म्हणाली. "तिथं तिला कुणी हसत नाही. एवढं एक वजन त्या पारड्यात टाका आणि मग बोला."

वजन खरं होतं.

आता निकालच लावावा म्हणून बायकोने मुलीला हाक मारली. "नव्या शाळेत कुणी नाव विचारलं तर काय सांगतेस गं?"

मुलीचं नावही 'ब'वरूनच होतं. ठेवलं तेव्हा कुणाला काय माहीत होतं. मुलीने बोट छातीवर टेकवलं. बिल्ला धुवायच्या कपड्यांवरच राहिला होता. छातीवर नुसता फ्रॉक होता. तरी बोट तिथून हलेना.

बोलण्याचा पगार घेणाऱ्या बायकोने ते बोट आपल्या मुठीत घेतलं. मग म्हणाली, "सोमवारी जुन्या शाळेत तुम्हीच सोडा हिला. मला ऐकवणार नाही."

सोमवारी फाटकाशी मुलीने त्याचा हात सोडला, थोडी पुढे गेली आणि वळली. "अहो," म्हणाली. काटेवाला नुसता उभा राहिला. मग तिने ओठ मिटले, उघडले. "ब… ब…"

मागून येणाऱ्या दोन पोरांनी लगेच सूर धरला. घंटा झाली. फाटकावरचा माणूस चला चला करू लागला. काटेवाला जागचा हलला नाही. मुलीची बाही तोंडाकडे गेली, मध्येच थांबली, खाली आली, आणि पुढचा 'ब' आला.