कुवेतकर सरांचा भरलेला टब

कुवेतकर सरांच्या घरी बाथटब कायम काठोकाठ भरलेला असायचा. आंघोळ शेजारी उभं राहून, बादलीनं. आणि हे कुठं, तर आयर्लंडातल्या कॉर्क शहरात, जिथं आभाळाचा नळ कुणी बंदच करत नाही! मी त्यांच्या हॉस्पिटलात ज्युनिअर डॉक्टर आणि त्यांच्या वरच्या खोलीतला भाडेकरू. दर रविवारी ते पाणी बदलायची हमाली माझी.

"अहो सर, आयर्लंडवर कोण हल्ला करणार?"

"कुवेतवर होईल असं तरी कुणाला वाटलं होतं? पाणी बदल."

खरं आडनाव कुलकर्णी. इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा ते तिथं नवखे सर्जन होते. सैनिकांनी त्यांचा एक पेशंट टेबलावरून ओढत नेला आणि आवारात गोळी घातली. फरशीवरचं रक्त धुवायला नळाला थेंब नव्हता. हे सगळं ते आमटी ओरपत सांगायचे.

"मग अमेरिकन आले." इथं आवाज भक्तिभावानं हळू व्हायचा. मी म्हणायचो, तेलासाठी आले. "असतील! पण आले ना रे, गाढवा? म्हणून तर मी तुझ्यासमोर बसलोय."

मुलगी मृणालही डॉक्टर होऊन कुवेतलाच गेली. तिचं घर सरांनी हट्टानं निवडलं, अमेरिकन तळाला अगदी खेटून. "त्यांच्या शेजाऱ्याला हात लावायची कुणाची छाती आहे!"

यंदा आखातात लढाई पेटली ती अमेरिकेशीच, आणि क्षेपणास्त्रं नेमकी त्या तळावर आली. मृणाल व्हिडिओ कॉलवर आमच्याशी बोलत होती. तिच्या मागची खिडकी फुटून आत आली. किंकाळी, धूर, रक्तानं माखलेला तिचा चेहरा. "मृणाल, टबात जा! काठाआड आडवी हो!" सर गळा फाटेस्तोवर ओरडत राहिले. फोन कधीच बंद पडला होता.

ती टबात सापडली, जिवंत. एक डोळा गेला.

"घर मी निवडलं," सर एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. कुवेतची विमानं बंद होती, तरी सौदीपर्यंत विमानानं आणि पुढं गाडीनं तिला आणायला निघाले. पासपोर्ट बॅगेत दोनदा शोधला, तो हातातच होता.

"बरे आहात ना, सर?"

"ग्रँड," सर इथल्या आयरिश लोकांसारखं म्हणाले, म्हणजे उत्तम. "रविवारी पाणी बदल."

तिकडे त्यांनी मृणालला सौदीच्या गाडीत बसवलं. तिच्या हॉस्पिटलात जखमी पडलेत, थोडा हात लावून मागच्या गाडीनं येतो, म्हणाले. हॉस्पिटलच्या रस्त्यावरच क्षेपणास्त्राचा तुकडा त्यांच्या छातीत घुसला, जागीच गेले.

मृणाल एकटीच आली, डोळ्यावर पट्टी. त्या सकाळी मी टब घासून पाणी बदललं होतं, रविवार नसताना. ती सरळ बाथरूममध्ये गेली, कोपरापर्यंत हात पाण्यात घातला. "ताजं आहे," म्हणाली, आणि तिथंच फरशीवर बसून तिनं हंबरडा फोडला.