मानीबाई दाईचा पाय

बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यातली वीस वर्षांच्या आतली बहुतेक सगळी पोरं मानीबाईच्या हातात पहिल्यांदा रडली होती. बोलावणं आलं की ती दोन-तीन कोस पायी जाई. बाळंतिणीपुढे उकिडवी बसली की मूल हाती येईपर्यंत उठत नसे.

१९६१ सालच्या दिवाळीनंतर ती कापसाच्या गाडीवर बसून दारव्ह्याला निघाली. नाल्याच्या उतारावर बैल बुजले, गाडी कलंडली आणि चाक तिच्या उजव्या पायावरून गेलं. नडगीची दोन्ही हाडं मोडली. एक तर कातडी फाडून बाहेर आलं. जखमेत चिखल भरला होता. नवरा रूपसिंगने डोक्याचा फेटा सोडून पाय बांधला आणि मोटारीने तिला यवतमाळला नेलं. तिथून नागपूरला धाडलं.

नागपूरच्या डॉक्टरांनी हाडाला पोलादी पट्टी बसवली, वर प्लास्टर घातलं. महिन्याभरात प्लास्टरमधून वास येऊ लागला. कापून पाहिलं तर टाके उसवलेले आणि आत पू.

"हाडापर्यंत गेलंय," डॉक्टर म्हणाले. पुन्हा ऑपरेशन झालं, पट्टी काढली, सडलेलं हाड खरवडलं. खाटेचे पैसे पडत नव्हते, पण इंजेक्शनं बाहेरून आणावी लागत. रूपसिंग दवाखान्याच्या भिंतीलगत तीन दगडांवर भाकऱ्या भाजत असे आणि दर आठवड्याला तांड्यावर जाऊन काहीतरी विकून येई. आधी बैलजोडी गेली, मग गाडी.

एक दिवस तो रिकाम्या हाताने आला. मानीबाईने केसांतली चांदीची घुगरी, सवाष्णीचं लेणं, सोडायला घेतली.

"हे नको काढू," रूपसिंग म्हणाला. "मी जिता हाओ अजून."

"तू जिता हायेस म्हणूनच काढून राह्यली. रांडव असती तं कधीच गेली असती."

त्या चांदीची इंजेक्शनं पंधरा दिवसांत संपली. तरी पू थांबेना. डॉक्टरांनी पाय गुडघ्याच्या वर कापायला सांगितलं.

"मंग मी बाळंतिणीपुढं बसन कशी?" तिने विचारलं.  ती तशीच परत आली.

तीन वर्षं तो पाय वाहत राहिला. कधीमधी पट्टीत हाडाची बारीक कपची निघे. बोलावणी हळूहळू थांबली. मग तांड्यातल्या जमनीला कळा सुरू झाल्या. जमनीही मानीबाईच्याच हातात जन्मली होती. रूपसिंगने चौघांना हाताशी धरून मानीबाईची खाट जमनीच्या दारापर्यंत नेली. जमनीची सासू रामीबाई दारात आडवी आली.

"बाई, तुह्या हाताले नाव नाही ठेवत. पण हा पू घेऊन बाळंतिणीजवळ नको येऊ."

मानीबाईला राग आला नाही. असा पाय घेऊन दुसरी कोणी दाई आली असती तर तिनेही हेच सांगितलं असतं. ती बाहेर खाटेवर पडून आत ओरडत राहिली, "तिले कुशीवर घ्या! ओढू नका, ओढू नका!" आतल्या बायका घाबरल्या होत्या, त्यांना काही उमजत नव्हतं. दुपार कलायच्या वेळी मूल झालं. ते रडलं नाही.

 पाचव्या दिवशी मानीबाई म्हणाली, "कापून टाका."

दोन एकर शेत विकून रूपसिंगने तिला पुन्हा नागपूरला नेलं. पाय मांडीतून गेला. ताप उतरला, पण कापलेली जागा वर्षभर ओली राहिली. रूपसिंग दुसऱ्याच्या शेतात सालदार म्हणून राहिला.

पुढे जमनी पुन्हा गरोदर राहिली. सातव्या महिन्यात ती मानीबाईकडे आली, तिच्यासमोर आडवी झाली आणि पोटावरचा पदर बाजूला केला.

"पाहून दे, काकी. बसल्या जागीच पाह्य."

मानीबाईने हात पुढे केला. बोलावणी थांबल्यापासून तिने कोणाच्या पोटाला हात लावला नव्हता. पोटाला लावण्याआधीच तिने तो मागे घेतला.

"दारव्ह्याच्या दवाखान्यात जाय," ती म्हणाली. "मले आता समजत नाही."