बारका बी

देवरावभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोताळ्याच्या बाजारात भाजी घेत होतो. फोन त्यांच्या मुलीचा, सुनीताचा. "सर, बाबा गेले सकाळी," एवढंच ती बोलली. मी विचारलं, "जाताना काही बोलले का?" आणि माझी मलाच लाज वाटली... कारण मला विचारायचं होतं ते वेगळंच. माझ्याबद्दल काही बोलले का, हे. दीड महिना झाला, ती धास्ती अजून गेलेली नाही. म्हणून लिहायला बसलो.

देवरावभाऊ आमच्या शाळेत शिपाई होते. शिक्षण सातवी. मी कॉम्प्युटरचा शिक्षक, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर. आई-बाप दुसऱ्याच्या वावरात निंदायला जायचे, त्यातून मी शिकलो. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. ही गोष्ट घडली तेव्हा माझ्या नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, नेमणुकीची मान्यता वरून यायची होती. त्याच वर्षी इंग्रजी ऐकण्याच्या तासासाठी शाळेला दहा व्हॉइस रेकॉर्डर मिळाले. बोटाएवढं यंत्र, आत काढता-घालता येणारं मेमरी कार्ड. डब्यावर इंग्रजीत आठाचा आकडा, पुढे मोठा जी आणि बारका बी छापलेला. आमची साठा-नोंदवही मराठीत. मी वळणदार अक्षरात लिहिलं, '८ जीबी'. डबे उघडून देता देता देवरावभाऊ थांबले.

"सर, तुमी फळ्यावर पोराईले शिकोता तो बी मोठा रायते. ह्यो तं बारका हाय."

"मराठीत बारका-मोठा बी नसतो, देवरावभाऊ."

"वावरात तं रायते बा," ते हसले. "बारकं हाय का मोठं, पायल्याबिगर कोनी पेरत नाई."

मीही हसलो आणि पान उलटलं. यंत्र जोडून आत जागा किती, ते पाहिलंसुद्धा नाही.

दिवाळीनंतर तपासणी आली. साहेबांनी रेकॉर्डर कॉम्प्युटरला लावले, तर एकातही पुरती एक जीबी जागा दिसेना. त्यांनी नोंदवही पाहिली, पुन्हा पडदा पाहिला आणि विचारलं, "कपाटाची किल्ली कोणाकडे असते?" किल्ली देवरावभाऊंच्या कमरेच्या करगोट्याला होती. चांगली कार्डं काढून घेऊन लहान घातली, असं तोंडाने कोणी म्हटलं नाही. फक्त त्यांच्याकडून किल्ली काढून घेतली, पंधरा दिवसांत लेखी खुलासा मागितला आणि त्यांना फाटकावर बसवलं.

मला त्याच संध्याकाळी उमगलं. बारका बी म्हणजे बिट, मोठा बी म्हणजे बाइट, आणि आठ बिट मिळून एक बाइट. डब्यावरचे आठ म्हणजे आपल्या नेहमीच्या मापाने एकच. कार्डं कोणी बदलली नव्हती, आली तशीच होती. इंग्रजीतला बारका बी मराठीत उतरताना माझ्या हातून हरवला होता... हे कळूनही मी नऊ दिवस गप्प बसलो. मान्यतेची फाइल वर गेली होती. आपल्या चुकीचा कागद तिच्या मागे गेला तर काय, ही भीती होती. सकाळी मी फाटकाशी पोचलो की देवरावभाऊ उठून नमस्कार करायचे, "या सर" म्हणायचे. म्या तुमाले तवाच सांगतलं होतं, असं ते आज म्हणतील, उद्या म्हणतील, याची मी वाट पाहायचो. ते म्हणाले नाहीत. नवव्या दिवशी मीच न राहवून विचारलं, "साहेबांना डब्याचं काऊन नाही सांगितलं तुम्ही?"

"तुमी सांगसान म्हनून," ते म्हणाले.

दहाव्या दिवशी मी मुख्याध्यापकांसमोर गेलो. रेकॉर्डरच्या रिकाम्या डब्यांत देवरावभाऊंनी खडू भरून ठेवले होते, त्यातला एक पुढे ठेवला आणि चूक लिहून दिली. प्रकरण मिटलं. माझी मान्यताही आली, थोडी उशिरा. किल्ली देवरावभाऊंना परत मिळाली. पण घरी जाताना फाटकाशी जो कोणी उभा असेल त्याच्यापुढे ते आपली कापडी पिशवी उघडून धरायला लागले. आत जेवणाचा डबा आणि दुपट्टा. "कोणी विचारलं तुम्हाला?" मी एकदा चिडून म्हटलं. "इचारल्यावर दाखवलं तं मानूस चोर दिसते, सर," ते म्हणाले. निवृत्त झाल्यावरही हे सुटलं नाही. आमच्याकडे चहाला आले की निघताना माझ्या बायकोपुढे पिशवी उघडायचे. पहिल्यांदा तिला वाटलं, काहीतरी हवं आहे. तिने दोन लिंबं टाकली. त्यांनी ती मुकाट्याने नेली.

मागच्या रविवारी त्यांच्या घरी गेलो होतो. ते नऊ दिवस मावशींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, आपल्या तोंडाने सांगायचे असं ठरवून. त्यांना ते ठाऊक होते की नव्हते, कोण जाणे. चहा झाला, सुनीताच्या पोरांचं शिक्षण बोलून झालं, पाऊसपाणी बोलून झालं... ते नऊ दिवस मात्र ओठावर आले नाहीत. उठलो. दारात आल्यावर माझ्या हातांनी माझीच पिशवी उघडली आणि मावशींपुढे धरली.

मावशींनी आत पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. "काऊन दाखवता, सर? या घरात तुमाले कोनी काई इचारलं का?"

"नाही," मी म्हणालो, आणि पिशवी तशीच उघडी धरून उभा राहिलो.