तीन नंबरच्या फळ्या

मोंढ्याजवळच्या लाकडाच्या वखारीत गयासभाई चाळीस वर्षं फळ्यांना नंबर देत आले. कानावर खडू, पाय अनवाणी. रेघ सरळ, डाग नाय, गाठ नाय, तर एक नंबर. रंगात थोडा फेर असला तर दोन. गाठीच गाठी असल्या तर तीन. गिऱ्हाईक कितीही शहाणं असो, गयासभाईंचा खडू म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

पण दोन वर्षांपासून दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता आणि हे त्यांनी घरी बायकोला, जैतुनबीलासुद्धा सांगितलं नव्हतं. एवढा जाणता माणूस, पण असल्या बाबतीत अगदीच येडा. त्यांना वाटायचं, डोळे गेले म्हटलं की खडू काढून घेतील. मग सकाळी उठून जायचं कुठं?

शेवटी झाकली मूठ उघडलीच. काळपट डागांच्या दहा-बारा फळ्यांवर त्यांनी एक नंबर मारला, आणि वखारीचा तरुण मालक ओवैस यानं ते पाहिलं. तो हळूच म्हणाला, "चाचा, लई काम केलं. आता घरी आराम करा." गयासभाईंनी ऐकू न आल्यासारखं केलं.

त्याच दुपारी मुकुंदवाडीच्या करुणाताई आल्या. घराच्या माडीवर त्या मुलींचा नाचाचा क्लास घेत. फरशीवर नाचून पोरींच्या पिंढऱ्या भरून यायच्या, म्हणून त्यांना लाकडाची जमीन हवी होती, तीही एक नंबर सागवानाची. ओवैसनं हिशोब केला. त्यांच्या ऐपतीत अर्धीच माडी बसत होती.

"अर्ध्या पोरी फरशीवर नाचवू का?" करुणाताईंचा चेहरा उतरला.

गयासभाईंना राहवलं नाय. "ताई, नंबर असतो तो तोंडावळ्याचा. तुमच्या पोरी जमिनीचं तोंड बघणार, का तिच्यावर पाय मारणार? तीन नंबर घ्या, अख्खी माडी होईल. गाठ जिवंत असली तर ती फळीचाच भाग असते, हलत नाय. मेलेली गाठ मात्र आज ना उद्या निसटते, तेवढी वेचून काढायची."

"आणि ती वेचणार कोण?" ओवैसनं विचारलं.

"मी."

ओवैस म्हणाला, "ठीक आहे चाचा. पण एक जरी गाठ निघाली तर सोमवारपासून घरी बसायचं."

चार दिवस गयासभाई बोटाच्या पेरानं एकेक गाठ ठोकत बसले. जिवंत गाठीचा आवाज बाकीच्या लाकडासारखाच यायचा, मेलेली बद्द वाजायची. मग फळ्या माडीवर नुसत्या मांडून ते त्यांच्यावरून अनवाणी चालले. जी फळी डुगडुगली ती बाजूला. दाराशी शोभेला म्हणून ओवैसनं स्वतः निवडलेली एक नंबरची फळी टाकली. तेवढ्या एका फळीवर गयासभाईंनी पाय दिला नव्हता. मालकाची निवड पडली ना.

जमीन ठोकून झाली तशी ओवैस तपासायला आला. बूट बाहेर काढून, मोज्यांवर, हातात बॅटरी घेऊन कोपरा न् कोपरा फिरला. एकही गाठ हलेना. करुणाताईंचा जीव भांड्यात पडला.

गयासभाई घरी जायला निघाले आणि दाराशीच थबकले. त्यांनी पाऊल मागं घेतलं, परत ठेवलं. "ही काढ."

"चाचा, हिच्यावर तर एक डाग नाय."

"काढ म्हणतो ना."

ओवैसनं खिळे उपटून फळी उलटी केली. खालच्या अंगाला वीतभर चीर होती. महिनाभरात ती वरपर्यंत आली असती आणि कुणातरी पोरीच्या टाचेत कुसळ घुसलं असतं.

गयासभाई भिंतीला टेकून खाली बसले. आता त्यांना लपवायचा कंटाळा आला होता. "बेटा, मला रंग दिसत नाय रे. दोन वर्षं झाली. भीती वाटत होती तुला सांगायची."

ओवैसनं त्यांच्या कानावरून निसटलेला खडू उचलून परत कानावर ठेवला. "सोमवारी डोळ्याच्या दवाखान्यात जाऊ. मी येतो सोबत. तोवर रंग मी बघीन, बाकीचं तुम्ही."

मग तो खाली बसला, पायातले मोजे काढून खिशात कोंबले आणि डोळे मिटून फळ्यांवर उभा राहिला. "आता सांगा चाचा, सुरुवात कुठून करायची?"