न घेतलेले दोन रुपये

ही गोष्ट सांगायचं मी वीस-बावीस वर्षं टाळत आलो. सांगायची वेळ आली नाही असं नाही. सत्कार झाला तेव्हा माईक माझ्या हातात होता. नातवंडांनी जुन्या गोष्टी विचारल्या तेव्हाही ती तोंडापर्यंत आली होती. दर वेळी मी दुसरंच काहीतरी सांगितलं. आता डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, थोडं लिहिता येतं, आणि माझ्याबद्दल लोक जे चांगलं बोलतात ते तसंच मागे ठेवून जाणं बरं वाटत नाही.

हिंगोलीतल्या एका दवाखान्याच्या फाटकाशी मी आठ वर्षं गाड्या सांभाळल्या. त्याआधी हळदीच्या आडतीवर होतो. पाठ दुखायला लागली, पोती हलवणं जमेना, तेव्हा ओळखीच्या एका ठेकेदारानं स्टँडवर बसवलं. पत्र्याचं छप्पर, एक टेबल, एक पेटी आणि नंबर मारलेले पत्र्याचे बिल्ले. एक बिल्ला हँडलला अडकवायचा, त्याच नंबरचा दुसरा गाडीवाल्याच्या हातात द्यायचा. सायकलला एक रुपया, फटफटीला दोन. जाताना बिल्ला परत घ्यायचा आणि पावती फाडून द्यायची. एवढंच काम.

काम सोपं होतं, माणसं सोपी नव्हती. हिंगोली जिल्ह्याचं ठिकाण झालं तशी दवाखान्यात गर्दी वाढली. आमच्याकडे पेशंट एकटा नसतो. त्याच्यामागे भाऊबंद, सोयरे, शेजारी, सगळे भेटायला येतात. नाही आलं तर नावं ठेवली जातात. घरून सकाळ-संध्याकाळ डबा येतो. म्हणजे एका आजारापायी एकेक घर दिवसातून चार-पाच वेळा माझ्या टेबलासमोरून जायचं आणि दर वेळी पैसे द्यायचं. लोक चिडायचे, आणि त्यांचं चुकत नव्हतं. कोणी म्हणायचं, आजारी पडलो हा गुन्हा झाला का. कोणी विचारायचं, आत श्वास घ्यायचं तिकीट कधी लावता. काही जण गाड्या बाहेर रस्त्यावर, लिंबाखाली लावायचे आणि परत येईपर्यंत जीव टांगणीला लावून बसायचे, कारण तिथून दोन सायकली चोरीला गेल्या होत्या. मी सगळ्यांना एकच उत्तर द्यायचो, की ठेका माझा नाही, मी नोकर माणूस. ते खरं होतं. पण भांडून भांडून माझा आवाजही चढायला लागला होता, हेही खरं.

माझ्या स्टँडवर एक रिवाज होता, आणि त्याच्यामुळेच पुढे माझा सत्कार झाला. ज्याचं माणूस आत दगावलं, त्याच्याकडून आम्ही पैसे घेत नव्हतो. त्याचा बिल्ला घ्यायचा, हँडलवरचा सोडवायचा, पेटीत टाकायचा, आणि मान खाली घालून ‘राहू द्या’ एवढंच म्हणायचं. लोकांना ही माझी माणुसकी वाटली. ती तशी नव्हती. कामाच्या पहिल्याच महिन्यात बापाचं प्रेत घेऊन निघालेल्या एका पोराकडे मी दोन रुपये मागितले होते. त्याच्या म्हाताऱ्या चुलत्यानं विचारलं, “मढ्याची बी पावती फाडता का?” आणि पुढच्या क्षणी माझं टेबल उलटं पडलेलं होतं. संध्याकाळी ठेकेदार म्हणाला, असल्यांचे सोडत जा, दोन रुपयांपायी टेबल मोडायला परवडत नाही. रिवाज असा माराच्या भीतीपोटी सुरू झाला. मी मात्र तो माझ्याच मनातून आल्यासारखा वागत राहिलो.

आतली बातमी मला बायकांच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या मावशी आणून देत. शेजारच्या टपरीवर त्या चहाला येत, चहा माझ्या खात्यावर असे, आणि कोणत्या खाटेवरचं कोण गेलं ते त्या सांगत.

आता ज्याच्यासाठी हे लिहितोय तो माणूस. पुसेगावच्या बाजूला एक तांडा आहे, तिथला. वय पस्तिशीचं, अंगानं सडपातळ, जुनी फटफटी. बायकोला कावीळ झालेली. पंधरा दिवस गावठी औषधात गेले आणि मग इथं आणलेली. तो रोज दोनदा यायचा. पहाटे घरचं आवरून डबा घेऊन, आणि दुपारी परत जाऊन संध्याकाळी पुन्हा. म्हणजे रोजचे चार रुपये. आणि दर वेळी भांडण.

“काहून द्यायचे? गाडी काय पाणी पिऊन राहिली का तुमचं?” असं तो विचारायचा. मी पावती पुढे सरकवायचो. एकदा तर त्यानं मला सांगितलं, “मामा, तुमी मेल्यावर तिकडं वर बी टेबल टाकून बसान.” आजूबाजूचे हसले. मीही हसलो, पण मनात ते लागलं. दहा-बारा दिवस असे गेले. त्याची फटफटी फाटकाकडे वळली की माझ्या कपाळाला आठी पडायची. त्याच्या गाडीचा नंबर मला पाठ होता. त्याचं नाव मी कधी विचारलं नाही. बाईचंही नाही.

त्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास मावशी टपरीवर आल्या. चहाची बशी तोंडाला लावत म्हणाल्या, “ती तांड्यावरची बाई गेली बघा. आत्ताच.”

मी कोणती म्हणून विचारलं नाही. तांड्यावरची म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर तीच फटफटी आली. वॉर्डात तांड्यावरच्या दोन बाया होत्या, हे मला माहीत होतं. मावशींनीच आधी सांगितलं होतं. पण दुसरीचा नवरा म्हातारा होता, एस.टी.नं यायचा, डेपोपासून चालत. त्याला गाडी नव्हती. ज्याला गाडी नाही तो माझ्या टेबलासमोरून गेला तरी मला दिसत नसे. इतक्या वर्षांत माझी नजर तशीच झाली होती.

पाच-दहा मिनिटांनी तो बाहेर आला. हातात डॉक्टरांच्या खोलीबाहेर ताटकळून लिहून घेतलेली औषधाची चिठ्ठी होती; वॉर्डातलं त्याला अजून कळलं नसेल, असं मी धरलं. त्यानं बिल्ला आणि दोन रुपये टेबलावर आपटले आणि नेहमीच्या सुरात म्हणाला, “घ्या मामा, तुमचा हप्ता.”

मी बिल्ला घेतला. हँडलवरचा सोडवला. दोन्ही पेटीत टाकले. पैसे त्याच्याकडे परत सरकवले आणि मान खाली घालून म्हणालो, “राहू द्या, भाऊ.”

तो आधी हसला. “काहून? आज काय झालं?”

मी वर पाहिलं नाही. दहा-बारा दिवस तो तिथं येत होता. मी कोणाचे पैसे घेत नाही, हे त्यानं दोन-तीनदा डोळ्यांनी बघितलं होतं. त्याचं हसणं थांबलं. चिठ्ठी टेबलावर तशीच राहिली आणि तो आत पळाला. एका पायातली चप्पल माझ्या टेबलाजवळच निघाली, ती घ्यायलाही थांबला नाही.

इथपर्यंतचं मी कोणाला सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, चूक झाली, माणसाकडून होते. म्हणून पुढचं लिहिणं जरूर आहे. तो पळाला तेव्हा मला वाईट वाटलं नाही. मनात आलं ते इतकंच, की चला, रोजची कटकट मिटली. ती चप्पल मी पायानं टेबलाखाली सारली.

थोड्या वेळानं फाटकातून तो म्हातारा बाहेर आला. डोक्यावर गाठोडं, मागून स्ट्रेचर, बाजूला मावशी. मावशींनी माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे हीच ती. तेव्हा मला कळलं.

आत काय झालं ते मावशींनी दुपारी सांगितलं. तो धावत गेला आणि बायकोच्या खाटेवर डोकं टेकून रडायला लागला. बाईला झोप लागली होती. ती जागी झाली. नवरा असा रडताना तिनं कधी पाहिला नव्हता. ती म्हणाली, “मला न्हाई सांगितलं ते तुमाला सांगितलं का डॉक्टरनं?” त्यानं खूप समजावलं, बाहेरच्या माणसाची चूक झाली म्हणून सांगितलं. तिला ते पटलं नाही. गाड्या सांभाळणारा माणूस पैसे घेत नाही म्हणून नवरा रडतो, हे कोणालाही बनवलेलंच वाटलं असतं. त्या सकाळी तिनं अर्धी वाटी पेज घेतली होती. त्यानंतर घेतली नाही.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. मी टेबलाखालची चप्पल काढून पुढे ठेवली. तेव्हाच बोलायला हवं होतं. दोन-तीन जण बिल्ल्यासाठी उभे होते, त्यांच्यासमोर मला लाज वाटली. त्यानं चप्पल घातली, चिठ्ठी उचलली, दोन रुपये पुन्हा टेबलावर ठेवले. आपटले नाहीत, ठेवले. आणि मी सवयीनं पावती फाडून त्याच्या हातात दिली.

त्यानंतर तो भांडला नाही. येताना बिल्ला घ्यायचा, जाताना पैसे ठेवायचा. चौथ्या दिवशी बाई गेली. डॉक्टर मावशींना म्हणाले होते की लिव्हर आधीच गेलेलं होतं, वाचली नसती. असेल तसं. मी डॉक्टर नाही. तिनं पेज का सोडली एवढं मला माहीत आहे.

त्या दिवशी दुपारी त्याचे लोक जीपमधून प्रेत घेऊन पुढे गेले आणि तो फटफटी घ्यायला माझ्याकडे आला. बिल्ला आणि दोन रुपये ठेवले. मी पैसे परत सरकवले. तो म्हणाला, “घ्या, मामा. माझे तुमी आधीच सोडले व्हते.”

मी घेतले.

पुढे दोन वर्षांनी गावातल्या लोकांनी दवाखान्याच्या पार्किंगविरुद्ध मोर्चा काढला, निवेदनं दिली, आणि तो स्टँड बंद झाला. मलाही ते बरोबर वाटलं. त्यानंतरच्या सभेत कोणीतरी म्हणालं, वसुली वाईट होती पण बसणारा माणूस भला होता, दुःखाच्या घरचे पैसे यानं कधी घेतले नाहीत. मला शाल आणि नारळ दिला. बोलायला सांगितलं. मी लोकांचे आभार मानून खाली बसलो.

त्याच्यानंतरच्या उन्हाळ्यात मी मुलाची मोपेड घेऊन त्या तांड्यावर गेलो. वाटेत काय बोलायचं ते पाठ करत होतो. घर विचारायला नाव नव्हतं, म्हणून कावीळ होऊन बायको गेलेला असं विचारत गेलो. तो घरासमोरच दोर वळत बसला होता. मला ओळखायला त्याला क्षणही लागला नाही. मी मोपेड कुठं लावू म्हणून इकडंतिकडं बघत होतो. तो म्हणाला, “लावा कुठं बी, मामा. हितं पैसे न्हाई पडत.”

तो टोमणा होता की सहज बोलला, मला अजून ठरवता आलेलं नाही. त्याच्या लेकीनं पाणी आणलं, मग चहा. दहा-अकरा वर्षांची असेल. त्यानं विचारलं, इकडं कसं येणं केलं. मी म्हणालो, हळदीचं बेणं बघायला आलो होतो. बेण्याच्या भावावर आम्ही अर्धा तास बोललो. बेणं कुठं चांगलं मिळेल तेही त्यानं सांगितलं. निघताना फाट्यापर्यंत सोबत आला. तिथं मी गाडी बंद करून उभा राहिलो, आणि तोही थांबला, जणू मला काही बोलायचंय हे त्याला ठाऊक असावं. समोरून एस.टी. आली, धूळ उडाली, त्यानं तोंडावर रुमाल धरला. धूळ बसल्यावर मी म्हणालो, येतो.

मागच्या वर्षी तो गेल्याचं कळलं. वाटेत पाठ केलेलं अजून तसंच्या तसं आठवतं. भाऊ, त्या दिवशी मी तुमच्या बाईचं नाव विचारायला पाहिजे होतं. विचारलं नाही. आणि तुम्ही आत पळालात तेव्हा मला वाईट वाटलं नाही, बरं वाटलं. त्याची माफी मागायला आलोय.