थांबा बाई आणि माझ्या लेकीचं पोट

थांबा बाईंची आणि माझी पहिली भेट म्हणजे दोन महासत्तांची गाठ होती. एका बाजूला सात वर्षांच्या लेकीला कडेवर घेऊन तातडीच्या विभागाचं दार खांद्याने उघडणारा मी. माझ्या आरोळीने तीन स्ट्रेचर आपोआप बाजूला सरकले आणि एका आजोबांचं सलाइन उलटं वाहू लागलं. दुसऱ्या बाजूला पाच फुटांच्या आतल्या, पिकल्या केसांच्या डॉक्टरबाई, तळहात एकमेकांवर घासत बसलेल्या.

"पोटात कळा येताहेत! सीटी स्कॅन करा!" मी म्हणालो. मेव्हण्याने फोनवर तसंच बजावलं होतं. मेव्हणा फरशा विकतो, त्यामुळे शरीरशास्त्राचा त्याचा अभ्यास दांडगा.

"थांबा," बाई म्हणाल्या. तीस वर्षं त्या प्रत्येक आईबापाला हेच सांगत आल्या, म्हणून सगळा विभाग त्यांना थांबा बाई म्हणायचा. शेजारच्या खोलीत एवढं मोठं यंत्र सज्ज, आणि ह्या आपले हात गरम करतायत! धन्य ते विज्ञान.

त्यांनी लेकीच्या पोटावर हात ठेवला आणि बघत राहिल्या तिच्या चेहऱ्याकडे.

"घरी मांजर आहे?"

"नाही. बाबांना शिंका येतात."

"बाबांना बरंच काय काय होतं वाटतं. उतर खाली, तीन उड्या मार."

लेकीने पाच मारल्या.

"अहो, पण अपेंडिक्स असलं तर?" माझा आवाज चिरकला.

"असतं तर बहुतेक पहिल्याच उडीला कळवळली असती. तरी सोनोग्राफी करू, दर तासाला पोट तपासू. गरज पडली तर मीच सीटीला ढकलत नेईन. सकाळीच एकाला नेलं, सायकलचं हँडल पोटात घुसलेलं. पण बापाला धीर यावा म्हणून पोरीच्या अंगात किरण घालायचे? त्यापेक्षा तुमचाच सीटी काढू का?"

नर्स तोंड फिरवून हसली.

सोनोग्राफीत काही सापडलं नाही. म्हणजे मेव्हण्याच्या मते, नीट बघितलंच नाही. चार तासांत त्याचे अकरा फोन आले, आणि दर फोनला मला वाटे, एका म्हातारीच्या हट्टापायी मी पोर गमावणार. बाई तासातासाला यायच्या, हात घासायच्या, पोट चाचपायच्या आणि माझ्याकडे न बघता जायच्या.

दुपारी एनिमा दिला. लेक संडासातून गाणं म्हणत बाहेर आली. बाईंनी कागदावर लिहिलं, बद्धकोष्ठता.

त्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या. आता तिथे पोट दुखणाऱ्या मुलाला आधी सीटीला नेतात.