पहिल्या पावलांचा पाव

आमच्या दोल्ना वर्बा गावात स्वतःच्या कष्टावर पोटभर खाणारी माणसं आता दोनच उरलीत. एक ट्रॅक्टर दुरुस्त करणारा, आणि तो जे मिळवतो ते पितो. दुसरी माझी शेजारीण स्तोयना. तिला मिळतं ते मेलेल्यांच्या कृपेनं.

स्तोयना पाव भाजते. रोजचा नव्हे. रोजचा पाव शहरातून प्लास्टिकच्या पिशवीत येतो आणि चवीला पिशवीसारखाच लागतो. स्तोयनाचे पाव लग्नाचे, बाळाच्या नावाचे, सणाचे आणि मयताचे. तिची आजी हेच करायची, आईही हेच. परसातली भट्टी तिच्या नवऱ्यानं, रायकोनं, बांधून दिली. तरुणपणी तिच्याकडे लग्नाचा पाव सांगायला तीन खोऱ्यांपलीकडून लोक यायचे. पीठ तीन चाळण्यांतून चाळलं जायचं, अंगणात मुली गायच्या, आणि ही कणकेची कबुतरं नि द्राक्षांचे वेल घडवत बसायची. तोंडावर पीठ, डोळ्यांत हसू. मी बसवर कंडक्टर होते. दिवसभर लोकांच्या शिव्या खाऊन घरी यायचे आणि कुंपणातून तिला बघून जळायचे. असं हसत काम करणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

मोबदला काय, तर टोपलीभर अंडी. फार तर एखादी कोंबडी. बाकी नुसतं कौतुक. "स्तोयना, तुझे हात सोन्याचे आहेत गं!" असं कुणी म्हणालं की रायको आतून ओरडायचा, "मग ते विकून एक गाय आणा!"

रायको गेला. जंगलात लाकडं तोडताना झाड अंगावर आलं. मग कारखाना बंद पडला, पोरं जर्मनीला, स्पेनला गेली, शाळेला कुलूप लागलं. लग्नं थांबली, बारशी थांबली. मरणं मात्र थांबली नाहीत. आमच्याकडे माणूस एकदा मरून भागत नाही. पुरताना पाव लागतो, नवव्या दिवशी लागतो, चाळिसाव्याला लागतो, सहामाहीला, वर्षाला लागतो, सोबत साखर घातलेले शिजवलेले गहू. आणि परदेशातली पोरं या बाबतीत हात आखडत नाहीत. आई जिवंत असताना ज्याला रजा मिळत नव्हती, तो तिच्या चाळिसाव्याला फोनवरून मोठ्यातला मोठा पाव सांगतो आणि पैसे आधी पाठवतो. स्तोयनाच्या घराला नवी कौलं आली. हिवाळ्याची लाकडं उन्हाळ्यातच रचून ठेवलेली असायची. दात होते तेव्हा चणे नव्हते, चणे आले तेव्हा दात गेले.

मयताच्या पावाला वेल नसतात, कबुतरं नसतात. मधोमध लाकडी शिक्का दाबला की झालं. तो हातात देताना देणारा मेलेल्याचं नाव घेऊन म्हणतो, "देव क्षमा करो." घेणाऱ्यानं आभार मानायचे नसतात. त्यानंही म्हणायचं, "देव क्षमा करो." स्तोयना स्वतःही दर पितरांच्या शनिवारी दफनभूमीत रायकोच्या नावानं पाव वाटायची. आमच्या गावात कुणी पाव पुढे केला की माणसाचा हात आधी टोपी काढायला जातो.

"नेव्याने," ती मला म्हणायची, "सगळ्यांना मरायचीच घाई. एखादं जन्माला आलेलं आण ना गं माझ्याकडे."

"या वयात माझ्याकडून आशा करू नकोस," मी म्हणायचे. ती हसायची, पण उगाच.

मग तिच्या मुलीला, रालित्साला, जर्मनीत मुलगा झाला. आमच्या रीतीप्रमाणे त्याला आजोबांचं नाव दिलं: रायको. स्तोयना फोन छातीशी धरून माझ्या दारात रडली. पोर वर्षाचं होत आलं आणि उभं राहायला लागलं, तेव्हा तिनं मुलीला दटावलंच, "तिथं काही करू नका. त्याच्या पहिल्या पावलांचा पाव मी करणार. इथं घेऊन ये."

हा पाव म्हणजे आमच्याकडचा सगळ्यात आनंदाचा. मूल चालायला लागलं की गोल पाव भाजायचा, वर कणकेची इवलीशी पावलं काढायची, मध लावायचा. तो घरात गडगडत सोडायचा आणि मुलानं मागे चालत जायचं. पुढे पांढऱ्या कापडावर धंद्यांच्या वस्तू मांडलेल्या असतात. मूल जे उचलेल ते त्याचं आयुष्यभराचं काम. मग पाव मोडून वाटायचा, आणि खाणाऱ्यांनी तो धावत धावत खायचा, म्हणजे मूल चपळ होतं.

रालित्सा ऑगस्टमध्ये आली. नवऱ्याला रजा नव्हती. ती तिथं भाज्या पिशव्यांत भरायच्या कारखान्यात उभी असते. पाय सुजलेले, बोटं तिथल्या गारठ्यानं फुटलेली. आईनं तिचे हात पाहिले. मला नंतर म्हणाली, "ती मला विचारते, मी इथंच राहिले तर भट्टी दोघींना पोसेल का? नेव्याने, ती राहायचं म्हणतेय गं! या कार्याला घर भरलं, पोर हसलं, तर राहील. मला कळतं तिचं."

कार्याच्या दिवशी स्तोयनानं तीन चाळण्या काढल्या. गायला मुली नव्हत्या, म्हणून मी आणि दोघी म्हाताऱ्या गायलो. कुत्री भुंकायला लागली, पण स्तोयनाच्या तोंडावर पीठ होतं आणि डोळ्यांत ते जुनं हसू. मला वाटलं, जुनी स्तोयना आली बाई परत.

सारं गाव आलं. सारं गाव म्हणजे काठ्या टेकणारे पंधरा-वीस जण. कापडावर कात्री, हातोडी, पुस्तक, पेन मांडलं. गेंचो म्हातारा म्हणाला, "कशाला पसारा? एक पासपोर्ट ठेवा. बाकी कुठला धंदा राहिलाय?" सगळे हसले. स्तोयनानं हळूच आपली चाळणी कडेला ठेवली.

रालित्सानं ती उचलली. "आई, हे नको."

"का? माझं पोट भरतंय यावर."

"कुणामुळे भरतंय ते सांगू?"

"तू राहिलीस तर बदलेल," स्तोयना म्हणाली. मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि चाळणी तिनं परत जागेवर ठेवली. मी पाहिलं. राहायचं तिनं तेव्हा ठरवलंच होतं, असं मी आजही म्हणते.

पाव गडगडला. छोटा रायको दोन्ही हात वर करून डुगडुगत त्याच्या मागे गेला, बुडावर आपटला, उठला, आणि हातोडी घेऊन त्यानं ती थेट गेंचोच्या गुडघ्यावर हाणली. काय हसलो आम्ही! कित्येक वर्षांत त्या घरात असा आवाज झाला नव्हता. रालित्साही डोळे पुसत हसत होती.

मग स्तोयनानं पाव मोडला. पहिला तुकडा वयानं मोठ्याला, म्हणजे गेंचोला. म्हणायचं असतं, "अमक्याच्या पायांना बळ येवो." तिनं तुकडा पुढे केला. तोंडावर अजून हसू होतं. म्हणाली, "घे गेंचो, रायकोच्या नावानं. देव क्षमा करो."

आणि आम्ही सगळे एका सुरात म्हणालो, "देव क्षमा करो."

गेंचोनं टोपी काढली होती. मेलेल्यासाठी सांडतात तशी ग्लासातली वाइन त्यानं जमिनीवर सांडलीसुद्धा. मग कुणीतरी "अगंबाई" म्हणालं. रालित्सा ताडकन उठली, तिनं पोराला उचलून छातीशी आवळलं. ते हातोडीसाठी रडायला लागलं.

"बोलताना चुकलं तिचं," मी पुढे झाले. "अगं, तुझ्या वडिलांचं नाव वर्षानुवर्षं तिच्या ओठांवर. ते बाहेर पडलं, एवढंच."

"मावशी, चुकलं एकीचं," ती म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "उत्तर सगळ्यांनी दिलंत. इथं कुणाला दुसरं काही म्हणताच येत नाही."

स्तोयना हातात पाव धरून उभी होती. तुकडे कुणी घेतले नाहीत, कुणी धावलं नाही. रालित्सा दुसऱ्या दिवशीच्या बसनं गेली. आईच्या हाताचा मुका घेतला, सगळं रीतसर केलं. पण पोराला आजीच्या कडेवर दिलं नाही.

मला वाटलं होतं स्तोयना धंदा बंद करेल. मी तिला तसं सांगितलंही. ती म्हणाली, "मग हिवाळ्यात काय जाळू? आणि मला दुसरं काय येतं?" पाव ती भाजतेच, आणि आता तर आसपासच्या गावांतूनही मागणी येते. फक्त कुणाच्या हातात देत नाही. कुंपणाच्या भिंतीवर फडक्यात ठेवते आणि आत जाते. पितरांच्या शनिवारी नवऱ्याचा पाव मीच वाटते. कौलं शाबूत आहेत, घर उबदार आहे, आणि ती भट्टीसमोर शिक्षा भोगायला बसल्यासारखी बसते. हे पाहून मला तिचा राग येतो, आणि राग गेला की रडू येतं.

रालित्सा दर रविवारी फोन करते. मन मोठं आहे पोरीचं. फोनच्या पडद्यावर पोर दिसतं: मोठं झालंय, धडधाकट आहे, घरभर धावतं. स्तोयना त्याला माझं कोकरू म्हणते, माझा राजा म्हणते, चिमणा म्हणते. नाव घेत नाही. त्या दिवसापासून तिनं ते नाव एकदाही तोंडातून काढलेलं नाही, नवऱ्याचं म्हणूनसुद्धा.

गेल्या रविवारी फोन आला तेव्हा मी तिच्याकडेच बसले होते. पोरगा आपली भाषा मोडकीतोडकी बोलतो. तो म्हणाला, "आजी, मी कोकरू नाही. माझं नाव सांग."

"तू माझा राजा."

"नाही! नाव!"

"सोन्या रे..."

पोरगा मागे वळून आईला म्हणाला, "आजीला माझं नाव माहीतच नाही." स्तोयनाचे ओठ हलत होते, हलत होते. शेवटी तिनं फोन माझ्या हातात कोंबला.

"तू सांग त्याला," म्हणाली, आणि मी सांगायच्या आत दोन्ही कानांवर हात दाबून परसात निघून गेली.